तळहातावरचं पेट्रोल

मंगळवार पेठेतला तो मेकॅनिक इंजिन हाती आलं की आधी टाकीतलं पेट्रोल तळहातावर चोळून हुंगतो. माझा नवा फवारणी पंप जाम झाला, तेव्हा हुंगताच तो ओरडला, "पावणं, ह्यात ऑइल मिसळलंच न्हाय की!"

अशा इंजिनाला पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन घासून अडकतो; पण नुसतं पेट्रोल घाला असं पंप विकणाऱ्या दुकानदारानंच सांगितलं होतं. आता तो हात वर करत होता आणि माझी पोटापाण्याची फवारणी थांबली होती.

मेकॅनिकनं पंप उचलून थेट दुकानदाराच्या काउंटरवर आदळला. "घरात बिनतेलाची फोडणी घालतासा व्हय?"

गिऱ्हाईकं खो खो हसली. दुकानदारानं नवा पिस्टन काढून दिला. मला चेव आला, मी बाह्या सरसावल्या, तर मेकॅनिक माझ्यावरच खेकसला, "चला की! फवारायचं हाय का भांडायचं?"

पंप दुपारी सुरू झाला. भांडण मात्र माझ्या पोटात अजून तसंच आहे.