रुईच्या आठ बंड्या

मी जो काही झालो तो शाळेतल्या कुलथे सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. बनारसच्या ट्रॅव्हल कंपनीतली नोकरीही सरांच्याच शब्दावर मिळाली. म्हणून गाइड थापाजींनी भर घाटावर ओली बंडी माझ्या अंगात चढवली, तेव्हा थंडीपेक्षा सरांच्या शब्दाला बट्टा लागल्याची लाज जास्त वाटली.

थापाजी आठ पाहुण्यांना चुनारहून काशीपर्यंत कयाकने आणणार होते. कयाक म्हणजे एकट्याची अरुंद होडी. अंगावर पाणी उडते, कधी ती उलटतेही. महिना जानेवारीचा. पाहुण्यांचे गरम कपडे जमवणे माझे काम. यादीत लिहिले होते, ‘नो कॉटन’. मला कळेना. थंडीत अख्खे बनारस कापसाची रुई भरलेल्या बंडीत फिरते! पातळ सुती सदरे नकोत, एवढेच असेल, असे धरले. ‘समझ गया’ म्हणालो आणि आठ बंड्या आणल्या.

थापाजींनी त्यातली एक बादलीत बुडवून पिळली आणि मला वाऱ्यात उभे केले.

“गरम लग रहा है?”

“न... नहीं.”

“कल सुबह तक ऊनी स्वेटर नहीं आए, तो ट्रिप कैन्सल.”

“और आप भी,” आमचे साहेब म्हणाले. मी प्रोबेशनवर होतो.

दूधविनायक या मराठी वस्तीतल्या खोलीवर आलो. घरमालकीण काकूंनी सगळे ऐकून घेतले.

“रुई कशाला आणलीस रे पागल? आमचे हे पौषात गंगेत बुडी मारतात आणि ओलेत्यानं धाबळी गुंडाळून घरी येतात. धाबळी लोकरीची. ओली झाली तरी ऊब सोडत नाही.”

“पण का, काकू?”

“ते मला काय माहीत? चल, माचिस घे.”

तिबेटी स्वेटरवाल्यांकडे काकू प्रत्येक स्वेटरचा एक धागा उपसून जाळत होत्या. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर.

“माताजी, दुकान मत जलाइए!” स्वेटरवाली हसत ओरडली.

आठ स्वेटर मिळाले. ट्रिप निघाली. परतल्यावर मी सरांना पत्र टाकले:

‘ती. सरांस शि. सा. न.

नोकरी पक्की झाली. वाटेत एक पाहुणे कयाकसकट उलटले. बाहेर काढल्यावर म्हणाले, पाय बधिर आहेत, छाती गरम आहे. ओली लोकर ऊब कशी धरते, ते मला अजून कळलेले नाही. न कळताच मान हलवली, हे मी साहेबांना सांगून टाकले. ते म्हणाले, “पूछने में क्या जाता था?”

सर, तुमच्या वर्गातही मी अशीच मान हलवत असे. दहावीतली वर्गसमीकरणे मला कधीच कळली नाहीत. होळीला गावी येतोय. तेव्हा विचारीन.’