भीमराजचं वतन

भीमराज एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. ह्याला जुन्या कागदांचं वेड लागलं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जायचं, कोतवाल बुकातून जन्ममृत्यूच्या नोंदी काढायच्या, आणि गावात मूळचा कोण, पैनगंगा ओलांडून आलेला कोण, हे चारचौघांत सांगायचं. नदीपलीकडच्या आदिलाबादच्या मुलखाला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून मोगलाई म्हणतात. कोणी हुज्जत घातलीच तर ह्याचं एकच पालुपद, "कागद खोटं बोलत नाही."

राखीव जागेवर नागोराव सरपंच झाला, तेव्हा त्याचा आजा मोगलाईतून उशिरा आल्याचं भीमराजनंच शोधून काढलं. ठरल्या तारखेआधी घराणं राज्यात असेल तरच जातीचा दाखला टिकतो. नागोरावचा गेला, सरपंचकीही गेली. भीमराजनं चौकात पेढे वाटले आणि एक नागोरावच्या दारात नेऊन दिला. मला हा माणूस कधीच आवडला नाही.

मग त्याच्या नातीची, मोनालीची वेळ आली. सरकारी नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. दाखल्याची पडताळणी तेवढी बाकी होती. तिचा बाप धम्मरत्न म्हणाला, "बाबा, तुमच्या आजाच्या, तानबाच्या मरणाची नोंद हाय कोतवाल बुकात. थेवढी पुरे."

"तुले काय समजते? असा कागद लावतो का सायब उठून उभा राह्यला पायजे."

आणि तो नदीपलीकडे बेलसरीला गेला. ते त्याच्या आजीचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्याचा बाप कवडू तिथंच जन्मला, लहानपणी मामाकडंच राहिला आणि मामानंच त्याला निजामाच्या शाळेत घातलं. त्या शाळेच्या उर्दू रजिस्टराची नक्कल भीमराजनं मिळवली आणि वाचून घ्यायला बोरी अरबला गेला. तिथं रहीमखाँ राहतो, त्याच्या एसटीवरचा जुना ड्रायव्हर.

रहीमखाँनं बोट ठेवून वाचलं, "नाम कवडू, वालिद तानबा, कौम महार, वतन बेलसरी."

वतन! भीमराज हरखला. म्हणजे बेलसरीचं महारवतन आपल्या घराण्याकडं होतं. मेलेली ढोरं ओढायची, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं आणि बदल्यात जमिनीचा तुकडा, ते हे वतन. छप्पन साली दीक्षा घेताना कवडूनं असल्या कामांवर थुंकून दिलं होतं, आणि त्याचा मुलगा आता त्याच शब्दानं फुलला होता. कागद त्यानं फाइलीत सगळ्यांत वर लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

सुनावणीला साहेब उठून उभा राहिला नाही. म्हणाला, "उर्दूत वतन म्हणजे मूळ गाव. तुमचाच कागद सांगतो, तुम्ही बेलसरीचे."

"सायब, ते मामाचं गाव हाय. मामानं आपलंच गाव लिहून देल्लं."

"ह्या कागदात मामा कुठं आहे?"

"आन् कोतवाल बुकातला तानबा?"

"त्याला आडनाव नाही. तो तुमचाच कशावरून?"

दाखला नामंजूर झाला. आदिलाबादच्या कचेरीत गेले, तर तिथं सांगितलं, पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात राहिलात, तिकडंच मागा. तोवर मोनालीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

भीमराज बोरी अरबला जाऊन रहीमखाँवर उखडला. "वतनाचा मतलब मले सांगतला काहून नाही?"

"तुमी इचारलं कुठी?" रहीमखाँ म्हणाला. "तुमी तं पेढे आनाले गेलते."

पोळ्याच्या दिवशी नागोराव भीमराजच्या अंगणात आला. त्यानं मोनालीच्या हातावर पेढा ठेवला. "आजाले देजो, माय. म्हनजो, वतनाचा हाय."

तो गेला. आता पोरगी पेढा उकिरड्यावर फेकेल असं मला वाटलं. तिनं तो खाटेवर बसलेल्या आजापुढं धरला.

"खा, आबाजी. कागद खोटं बोलत नाही."

भीमराजनं तिच्याकडं पाहिलं. ती हात मागं घेईना. शेवटी त्यानं तो घेतला आणि तिच्यासमोर सगळा खाल्ला.