फोटोतले ते केस बाईचे नव्हते

दुपारी दुकानात फोन आला. घोट गावाच्या पलीकडे जंगलातल्या एका गावाहून सुनंदा बोलत होती. ही सुनंदा दर दोन-तीन महिन्यांनी चामोर्शीच्या बाजाराला यायची आणि माझ्या कटलरीच्या दुकानात कमी, दुकानाच्या पायरीवर जास्त बसायची. कारण पायरीवर माझी मोठी बहीण यमुना बसलेली असायची. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांचीही ती बाईच झाली होती. ‘बाई हायत ना या बाजारी? पोट्टीले घेऊन येऊन राह्यली मी. लय गुतले तिचे केस.’ मी म्हटलं, ‘सुनंदा, बाई गेली वं. पेपरात आलं होतं, तू नाई पाह्यलं?’ मग ती हळूच म्हणाली, ‘पाह्यलं होतं. नाव तेच, गाव बी तेच. पण फोटो पाहून म्हटलं, ह्या आपल्या बाई नोहेत. त्या फोटोतल्या बाईचे केस तं सपाट होते...’

सुनंदा एकटी नव्हती. बाई गेल्यापासून प्रत्येक बाजारी कोणी ना कोणी पायरीशी येऊन तिला विचारत राहिलं आणि प्रत्येकीला मला नव्याने सांगावं लागलं. श्रद्धांजलीची ती जाहिरात याच वर्तमानपत्रात आली होती. ज्यांनी ती पाहून पान उलटलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ती यमुनाबाई आमचीच होती. केस मात्र तिचे नव्हते.

आमचं माहेर मार्कंड्याजवळचं, वैनगंगेच्या काठावरचं. वडील नदीत आणि तलावात जाळं टाकायचे, आई मासे विकायची. आम्हा दोघी बहिणींत माझे केस दोरीसारखे सरळ. बाईचे जन्मापासूनच बारीक, दाट, वळ्यांवर वळ्या असलेले. ओले असताना पाठीपर्यंत यायचे आणि वाळले की आक्रसून कानाशी जाऊन बसायचे. जावळ एकदाच काढतात. आमच्या आईनं बाईचं तीनदा काढलं. दर खेपेला मार्कंड्याच्या जत्रेत न्हाव्यापुढे बसवायची आणि देवाला म्हणायची, आता तरी सरळ येऊ दे. देवानं काही ऐकलं नाही. तिसऱ्यांदा उगवले ते आधीपेक्षा दाट. शाळेत पोरं म्हणायची, यमुनीच्या डोक्यावर सुगरणीनं घरटं केलं. मी धाकटी, पण दगड मीच उचलायचे. बाई माझा हात धरायची. म्हणायची, ‘राहू दे रत्ने, सुगरण हुशार पाखरू हाय.’

लग्न नदीपलीकडच्या गावात झालं. घरी धानाची शेती, दोन म्हशी, कडक सासू. तेल चोपडून, ओढून, करकचून अंबाडा बांधला तरी दुपारपर्यंत कपाळावर वळ्या सुटायच्या. सासू पाहुण्यांसमोर म्हणायची, ‘आमच्या सुनेच्या डोक्यात अस्वल बसलं हाय.’ बाईनं पदर कपाळावर ओढला तो कायमचा. ओढून ओढून कानशिलावरचे केस विरळ झाले, टाळू दुखायची. मी तेव्हा टोपल्यात सुया, पिना, रिबिनी घेऊन गावोगाव फिरायची. तिच्या गावाला गेले की आधी तिच्या सासूशी भांडायचे, मग तिच्याच अंगणात धंदा मांडायचे. बाई आतून चहा आणायची आणि कंगव्यांच्या गड्ड्याकडे बोट करून म्हणायची, ‘हे दात हायत का करवत?’

मग एका हिवाळ्यात म्हैस व्याली. व्यालेल्या म्हशीला आमच्याकडे जवस शिजवून घालतात. शिजलेल्या जवसाचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. बाईचं नुकतंच डोकं धुणं झालं होतं, केस ओले होते, हात धुवायला पाणी लांब होतं. तिनं हात सरळ केसांना पुसले आणि कामाला लागली. केस वाळले तेव्हा त्यांचा नेहमीचा गुंता नव्हता. वळी वळी वेगळी, काळीभोर, मऊ. मी गेले तर मला गोठ्याच्या मागे ओढत नेलं आणि पदर खाली घेतला. ‘रत्ने, हे पाय.’ एक वळी धरून पाठीपर्यंत ओढली आणि सोडली. ती टुणकन कानाशी परत गेली. बाई तोंडावर हात ठेवून हसत होती. तीस वर्षांची झाली होती तेव्हा. आपले केस खराब नाहीत, त्यांची रीत वेगळी आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्यापुढे तिनं ती रीत एकटीनं शोधली. रोज तेल-फणी बंद. धुवायला रिठे, तेही थोडेच. कोरड्या केसाला कंगवा लावायचा नाही, ओल्यालाच लावायचा, तोही बोटांनी गुंता काढून झाल्यावर. शेंड्यापासून सुरू करून वर जायचं. मुळापासून खाली ओढलं तर गाठ आवळते. झोपताना जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा डोक्याला बांधायचा. हिवाळ्यात मोहाच्या बियांचं तेल बोटाच्या टोकावर घेऊन फक्त शेंड्यांना. तिला रुंद दातांचे कंगवे हवे होते. मी नागपूरच्या ठोक बाजारात गेले. तिथले व्यापारी मला आधी चहा पाजतात आणि मग भाव सांगतात, कारण मी चढ्या आवाजात बोलायला लागले की बाकीची गिऱ्हाइकं ऐकतात. त्यातला एक म्हणाला, ‘हे घोड्याचे कंगवे हायत बाई, बाईमाणसाले कोण घेते?’ मी भाव पाडला आणि सगळे उचलले. बाईला घोड्याचं सांगितलं तर म्हणाली, ‘मंग घोडा शहाणा हाय.’

नवरा आणि सासू गेल्यावर, मुलगा दिनेश बल्लारपूरला नोकरीला लागल्यावर, बाई दर बाजारी सकाळच्या बसने माझ्या दुकानी यायची. पायरीवर बसली की पदर खांद्यावर. गावात तिनं डोकं कधी उघडं केलं नाही, पण माझ्या पायरीवर ती तिचीच असायची. तो काळा, दाट, उन्हात कडेनं तांबूस दिसणारा डोक्याभोवतीचा गोल लांबून ओळखू यायचा. त्याला पाहूनच पहिली आई थांबली असेल. मग लांबलांबच्या गावांतून बाया आपल्या कुरळ्या केसांच्या पोरींना घेऊन येऊ लागल्या. कोणी म्हणे, ‘हिचे कापूनच टाका.’ बाई त्या पोरीला पुढ्यात घ्यायची, डब्यातलं जवसाचं पाणी चोळायची आणि सांगायची, ‘दुखलं तं बोल. मी थांबतो.’ आणि पोरगी बोलली की खरोखर थांबायची. त्या पोरींना याचंच नवल वाटायचं. त्यांच्या डोक्याशी तोवर कोणी थांबलेलं नव्हतं. एकीनं आरशात पाहून विचारलं, ‘आजी, हे असेच राहतीन?’ बाई म्हणाली, ‘असेच हायत तं असेच राहतीन. तू त्याहीच्याशी चांगली राह्य.’

बाई झोपेत गेली. मी त्या दिवशी माल घ्यायला नागपूरला होते. मिळेल त्या गाडीने निघाले, वाटेतून फोन करत राहिले की थांबा, मी येते आहे. थांबले नाहीत. मी घाटावर पोचले तेव्हा चिता अर्धी जळून गेली होती. तो राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. वडीलधारे म्हणाले, दिवस मावळत होता. दिवस काय, रोजच मावळतो... मग तेरवीला पाटावर तो फोटो पाहिला. माझ्याच पायरीवर काढलेला. सून स्वातीनं मोबाइलवर टिपला होता, बाई पोटभर हसते आहे. पण दिनेशनं स्टुडिओवाल्याकडून केस पुसून, मधोमध भांग काढून, डोक्याला चिकटलेले सरळ केस बसवून घेतले होते. चेहरा बाईचा आणि डोकं दुसऱ्या कोणाचं. मी जेवले नाही. पंगत उठायच्या आधी घरी आले.

सुनंदाच्या फोननंतर मात्र मी बल्लारपूरची गाडी धरली. दिनेशनं दार उघडलं आणि म्हणाला, ‘मावशी, भांडाले आली का?’

‘भांडालेच आली. आईचे केस काऊन पुसले?’

स्वाती काही बोलणार होती, त्यानं तिला थांबवलं. ‘मले शाळेत अस्वलीचं पिल्लू म्हणत होते,’ तो म्हणाला. ‘सहावीत असताना मी आईले म्हटलं, तू गॅदरिंगले येऊ नको. ती आली. डोक्शाले पदर असा गच्च बांधून आली का कपाळबी दिसे ना. सगळ्याहीच्या मागं उभी राह्यली. कोणी हासलं नाई... मले वाटलं, आता भिंतीवर तरी कोणी तिच्यावर हासू नये.’

मी घरून शिव्या तयार करून नेल्या होत्या. त्या तशाच परत आणल्या. स्वाती एकदा दुकानी येऊन गेली होती, त्यानं मात्र आईची ती पायरी कधी पाहिलीच नव्हती. बल्लारपुरातून सुटी काढून गावी आला की त्याला दिसायची ती पदरातली आई. मी एवढंच म्हटलं, ‘या बाजारी माह्या दुकानात येऊन बस. तिले विचारत कोण आलं तं तूच सांग. मी थकली सांगून सांगून.’

तो आला. पायरीवर अवघडून बसला. दहाव्याला मुंडण केलेलं, आता केस बोटाच्या पेराएवढे उगवले होते. जन्मभर बारीक कापून ठेवलेले ते केस या काही आठवड्यांत कापायचे राहून गेले होते आणि वळायला लागले होते. दुपारी सुनंदा लेकीला घेऊन आली. दिनेश उठून उभा राहिला. ‘मी बाईचा पोरगा,’ तो म्हणाला. ‘पेपरात होती ते माही आईच होती. केस म्या बदलवले होते.’ सुनंदानं त्याला खालून वर पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, ‘काऊन जी, भाऊ? आम्ही तं त्या केसाले पाहूनच येत होतो. तुमचेबी तसेच उगवून राह्यले.’ तिची लेक त्याच्या डोक्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं आपल्या गुंत्याला हात लावला आणि आईला विचारलं, ‘आता कोण सोडवन?’

मीच बसले. माझ्यात बाईचा धीर नाही, माझा हात जड आहे. पोरगी दोनदा कळवळली, दोनदा मी थांबले. जवसाचं पाणी कमी पडलं तर दिनेश मागच्या चुलीवर उकळायला गेला. किती पाणी घालायचं ते त्याला ठाऊक होतं. म्हशीसाठी त्यानंच कितीदा तरी शिजवलं होतं.

संध्याकाळी तो न सांगता स्टुडिओत निघाला, मी मागोमाग. मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये होताच. स्टुडिओवाला म्हणाला, ‘आधी तुम्हीच सपाट करा म्हणत होते.’ दिनेश म्हणाला, ‘हो. आता नका करू.’ स्टुडिओवाल्यानं पूर्वीचीच चौकट लावून पाहिली, तर दोन्ही बाजूंनी आणि वरून केस कापले जात होते. ‘मोठी घ्या,’ दिनेश म्हणाला. ‘आईचे सगळे केस आले पाह्यजे.’

आता बाईच्या घरी, पुढच्या खोलीत, तो मोठा फोटो आहे. परवा गेले तेव्हा दिनेशसोबत सुटीला आलेली स्वाती चंदनाचा हार लावत होती. फोटोच्या वरच्या दोन कोपऱ्यांत अडकवला तसा तो बाईच्या कपाळावरून खाली आला, दोन्ही बाजूंच्या वळ्या त्याखाली गेल्या. दिनेश चहा पीत होता. कप खाली ठेवून उठला, हार काढला आणि फोटोच्या खाली, पाटावर गोल करून ठेवला.