गोजाबाईची अर्धी ओवी

मंद्रूपच्या गोजाबाईनं जात्यावर ओवी धरली, की शेजारच्या बाया आपलं जातं थांबवून ऐकत. नवरा मायाप्पा मेंढरांमागं असायचा. त्याला गाण्यातलं फार कळत नसे, पण बायकोचं कौतुक होतं.

तिला एक हौस होती. सोलापुरातलं जुनं नाटकघर आतून बघायचं. तिचा भाऊ तिथं पडदे ओढायला होता. तिथं नुसतं गुणगुणलं तरी पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं, असं तो सांगायचा. भाऊ प्लेगात गेला, हौस मात्र राहिली.

एकोणीसशे बत्तीस साली गावात बातमी आली, दिवाळीनंतर तिथं बोलपट लागणार. गावातला हौशी माणूस महिपती. बोलपट लागायच्या आधी नाटकघर दाखवतो म्हणून त्यानं गाड्या जुंपल्या आणि बायाबापड्यांना घेऊन निघाला. गोजाबाईसोबत मायाप्पाही होता. पण सोलापुरात शिरल्यावर सात रस्ता चौकात महिपतीला ओळखीचा भेटला, पुढं गिरणीचं धुराडं बघायचं निघालं, मग खणांचं दुकान. गोजाबाई गाडीत धुमसत होती.

"दादा, बंद व्हईल की ते!"

"थेटर काय पळून चाललंय व्हय?"

पोचले तेव्हा राखणदार धोंडप्पा कुलूप लावत होता. "झटकन बघा आन् निघा. मालक यायची येळ झाली."

आत शिरताच गलका उठला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी बैल हाकारल्यागत आरोळी ठोकली. महिपती तर खुर्चीत बसून राजाची नक्कल करू लागला. गोजाबाई रंगमंचावर चढली.

"जरा गप बसा की समदी. येक ओवी म्हनते."

"म्हन की! कोन नको म्हनतंय?" महिपती म्हणाला.

तिनं पहिली ओळ उचलली. आवाज वरच्या सज्जापर्यंत गेला आणि भरून माघारी आला. तिच्या अंगावर काटा उभा राहिला. तेवढ्यात महिपती ओरडला, "आयला, कसं घुमतंय बघा!" पुन्हा सगळ्यांच्या आरोळ्या सुरू झाल्या. धोंडप्पानं किल्ल्या खुळखुळवल्या. "चला भाईर."

दुसरी ओळ घशातच राहिली.

परतताना महिपती म्हणाला, "आता म्हन की ती ओवी."

"गाडीत म्हनायला सोलापूरला कशाला आलते मी?" गोजाबाईनं तोंड फिरवलं.

"आपुन दोगंच परत यू," मायाप्पा हळूच म्हणाला. त्याच्या मनात खरंच होतं. पण मेंढरं घेऊन तो लांब गेला, दिवाळी उलटली आणि नाटकघराच्या रंगमंचावर बोलपटाचा पांढरा पडदा लागला.

मग महिपती बोलपटाला माणसं जमवत दारात आला. गोजाबाई जागची उठली नाही.

"तुमी जावा. ते मशीन बोलताना तरी गप बसा म्हंजे झालं."

गाड्या गेल्या. मेंढरं घेऊन परतलेला मायाप्पाही त्यांच्याबरोबर बोलपटाला गेला. तो परत आल्यावर दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.