सरळ हँडलं

आमच्या गल्लीत दुचाकीचं हँडल वळवून लॉक करत नाहीत, सरळच ठेवतात. चोरीची भीती आम्हालाही आहे, पण गल्ली इतकी अरुंद, की अडलेल्या अँब्युलन्सची भीती त्याहून मोठी.

परवा सकाळी गल्लीतल्या शकूताईंच्या छातीत दुखायला लागलं. सायरन ऐकताच माणसं धडाधड खाली उतरली. कुणाचे हात कणकेचे, कुणाच्या गालाला साबण. गाडी कुणाची, हे न बघता जो तो समोरची गाडी ढकलत होता. हलेना ती एकच, निखिलची. नवा भाडेकरू, गाडी लॉक करून गावी गेलेला.

"बघताय काय, उचला!" लतावहिनी ओरडल्या. चौघांनी ती उचलून थेट त्यांच्या ओट्यावर ठेवली.

एरवी पार्किंगवरून भांडणारी ही माणसं. पण त्या सकाळी मी त्यांच्यातला एक होतो, याचा मला फार अभिमान वाटला.

संध्याकाळी निखिल परतला. ओट्यावरची गाडी, तिच्यावरचे कणकेच्या हातांचे ठसे बघत राहिला.

"शकूताई बऱ्या आहेत," वहिनी एवढंच म्हणाल्या.

आज उठल्याउठल्या गॅलरीतून आधी त्याचीच गाडी पाहिली. हँडल सरळ होतं.