मोकळ्या जागांचं माप

मी मूळचा नागपूरचा. बहारीनला एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, ऑफिस हूरा भागात आणि घर हमद टाउनला. इंजिनियर डिझाइन करतात, मी ते कागदावर उतरवतो.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी मुलगी जेवणाच्या टेबलावर दोन कागद मांडून बसली होती. ती तेव्हा बारावीत. तिला वर्गात आधुनिक अमेरिकन कवितेवर बोलायचं होतं. एक कविता जुन्या वळणाची, दुसरी प्रयोग करणारी. दोन्ही मोठ्याने वाचायच्या आणि कवीने तशा का लिहिल्या असतील ते सांगायचं.

पहिली कविता एका म्हाताऱ्या पूल बांधणाऱ्याची होती. चौदा ओळी, ओळींच्या शेवटी यमक. ती वाचू लागली तशी माझी बोटं आपोआप टेबलावर पडायला लागली. माझे वडील जयंतीला बुद्धविहारासमोर गाणी म्हणायचे. त्यांच्या शेजारी बसून मी ताल शिकलो.

"सगळे शब्द नाही कळले," मी म्हणालो, "पण चाल कळली."

दुसरा कागद पाहिला आणि मी हसलो. नवरा गेलेली एक बाई त्याचे शर्ट घड्या घालून ठेवते आहे, एवढीच गोष्ट. पण शब्द पानभर विखुरलेले. दोन इथे, एक पार त्या कडेला.

"प्रिंटरने गडबड केलेली दिसते," मी म्हणालो.

"गडबड नाही, पप्पा. दॅट इज द पोएम." तिने कागद उचलला आणि खोलीत निघून गेली.

मला वाईट वाटलं. नागपूरला मला काम शिकवणारे साहेब सांगायचे, की दोन भिंतींमधलं अंतर भिंतीइतक्याच काळजीने काढायचं. इतकी वर्षं मी तेच करत आलो, आणि मुलीच्या कागदावरची अंतरं पाहून हसलो. मी ट्रेसिंग पेपर आणि स्केल घेतली आणि तिच्या दारावर टकटक केली.

"दे इकडे. मोजून बघू."

तिने जरा संशयानेच कागद दिला. मी वर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि लाल पेन्सिलीने एकेक मोकळी जागा मोजत गेलो. सुरुवातीला एक सेंटिमीटर. पुढे जिथे जिथे शर्ट आला, तिथे त्याच्यापुढची जागा आधीपेक्षा मोठी. बाई जसजसे शर्ट ठेवत जाते तसतसं अंतर वाढत होतं. मी खूश झालो. पण खालून तिसऱ्या ओळीत ती जागा एकदम अर्धा सेंटिमीटर झाली होती.

"इथे मात्र चुकलंय," मी म्हणालो.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग मराठीत बोलली, अडखळत. एरवी ती मला इंग्रजीतच उत्तर देते.

"चुकलं नाही, पप्पा. इथे ती शर्टाचा वास घेते. इथे तो जवळ आहे."

सगळी मापं मी घेतली होती, पण हे मला दिसलं नव्हतं.

मग वाचायचं कसं ते ठरवलं. एका सेंटिमीटरला माझ्या बोटाचा एक ठोका, तेवढा वेळ तिने गप्प राहायचं. चार-पाच वेळा वाचल्यावर तिला माझं बोट लागेना.

कार्यक्रमाला आईवडिलांनाही बोलावलं होतं. मी अर्धा दिवस लीव्ह घेतली. आम्ही दोघं नवरा-बायको वर्गात मागच्या बाकावर बसलो. पहिली कविता तिने ठसक्यात म्हटली, मग दुसरी सुरू केली. सगळ्यात लांब मोकळ्या जागेवर ती थांबली तेव्हा एक मुलगा फिसकन हसला. तिला काही आठवत नाहीये असं त्याला वाटलं असावं. तिने घाई केली नाही. पूर्ण वेळ थांबली आणि मगच पुढचा शब्द उच्चारला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठे किती थांबायचं हे कसं ठरवलंस?"

तिने माझा लाल रेघांचा ट्रेसिंग पेपर उलगडून सगळ्यांना दाखवला. "माझ्या वडिलांनी मोजून दिलं. ते ड्राफ्ट्समन आहेत." मग म्हणाली, "माप दोन्ही कवितांना आहे. पहिलीचं कानाला कळतं, माझे आजोबा तशी गाणी म्हणायचे. दुसरीचं आधी डोळ्यांना दिसतं."

आजोबांच्या गाण्यांबद्दल मी कधी काही सांगितलं तर ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असायची. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. मला वर बघवेना.

आता ती इंग्रजी साहित्य शिकायला पुण्याला गेली आहे. ॲडमिशन झाली तेव्हा मी नागपूरला मोठ्या भावाला फोन केला.

"इंजिनियरिंग नाही?" त्याने विचारलं.

"नाही दादा. कविता."

"त्यात शिकायचं काय असतं रे?"

मी त्याला शर्टांची कविता सांगायला लागलो. त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या जागेपाशी आलो, वासाचं सांगितलं, तेव्हा पलीकडून तो म्हणाला, "थांब, हे पोरीनं शोधलं?"

"तिनंच," मी म्हणालो.