राईच्या उघाडीवरच्या फळ्या

आशियातली ओसाड आणि अजब ठिकाणं, अशा याद्या मोबाइलवर सारख्या फिरत असतात. कुठलं तरी जपानचं रिकामं बेट, वेलींनी गिळलेलं चिनी गाव. त्या यादीत आमच्या शेजारच्या राई गावातल्या मिठागराची चौकी यावी असं मला वाटलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

चौकी म्हणजे खाडीकाठची एक दगडी खोली. छप्पर नाही, खिडकीतून पिंपळ बाहेर आलेला. आजूबाजूला भराव पडत होता, उद्या तिच्यावरही पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. मी शहराच्या बाजूला, बेव्हर्ली पार्कात राहणारी, कॉलेजपासून पत्रकं लिहिणारी. खारफुटी वाचवा, मैदान वाचवा, तलाव वाचवा. पत्रकात मधलं काही चालत नाही, हे मला पाठ. एक तर हिरवंगार, नाही तर उद्ध्वस्त. म्हणून ठोकून दिलं : 'इथे आता कुणीही येत नाही.' खाली वाटही दिली. राई गावातून बांधावरून सरळ. शेवटी चिखल लागला की तिथेच पडलेल्या फळ्या टाकून पलीकडे जा. मी स्वतः तशीच गेले होते.

पत्रक छापून झालं, फोटो काढायला पुन्हा गेले, तेव्हा मागून ओरडा आला. "ए पोरी! ठेव ती फली!"

गावातले एक म्हातारे शेतकरी होते. त्यांनी समजावलं. बांधातल्या पाण्याच्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या काढून बाजूला ठेवायच्या, शेतातलं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती चढायच्या आत परत खाचेत बसवायच्या, नाही तर खाडी शेतात. बाकीच्यांनी जमिनी विकल्या, यांचा एक तुकडा उरलेला. त्यात ते खारं भात लावायचे. खारट जमिनीत येणारं, लाल, जाड. बियाणं घरचं, वडिलांपासूनचं. बाजारात मिळत नाही.

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"कुनी येत न्हाय? मंग मी कोन हाय? भूत?"

"तसं नाही हो बाबा. लोकांना हलवायचं तर असं लिहावं लागतं."

"लोकांना हलव. फल्या नको हलवू."

मी हसले. दुरुस्ती करते म्हणाले आणि केली नाही. विसरले नव्हते. पत्रक मोबाइलवरही टाकलं होतं, ती पोस्ट जोरात चालली होती, चौकी एका यादीत आली होती. तिथे रोज एक माणूस राबतो असं लिहिलं असतं, तर ओसाडपणाच गेला असता.

लोक आले. मला आनंद झाला, तो लपवणार नाही. रविवारी बांधावर रांग. बाबांना विचारायचे, "अंकल, इधर भूत है क्या?" ते म्हणायचे, "हाय ना. तुमच्याम्होरं हुबा हाय." आणि संध्याकाळी चिखलातून फळ्या गोळा करत बसायचे. त्यांनी मला दोनदा निरोप पाठवला. मी म्हटलं, बघते. नगरसेवक 'बघतो' म्हणाला की मी त्यावर अख्खं पत्रक काढते.

ज्येष्ठातल्या अमावास्येचं उधाण आलं तेव्हा भाताची रोपं वीतभर झाली होती. बाबा वेळेवर उघाडीवर पोचले. तीन फळ्या जागेवर नव्हत्या. कुणीतरी चौकीत नेऊन, दगडांवर ठेवून, फोटोसाठी बाकडं केलं होतं. त्या शोधून, चिखल तुडवत आणेपर्यंत पाणी आत गेलं होतं. खारट जमिनीतलं भात झालं तरी कोवळ्या रोपांना भरतीचं पाणी सोसत नाही; ती आधी पिवळी पडली, मग जळाली. सगळं बियाणं त्यातच पेरलेलं होतं.

मला कळलं ते आठवड्यानंतर. मग मी बियाणं शोधत फिरले. राईत घरोघरी, वरसाव्याला, उत्तनला. उत्तनच्या एका मावशींनी सुपातली मासळी निवडता निवडता सांगितलं, "खारं भात? माजा बाप लावायचा. आता तिथं पार्किंग हाय, बाय." मूठभरही मिळालं नाही.

शेवटी बाबांकडे गेले. भरतीची वेळ होत आली होती आणि ते उघाडीच्या फळ्या उपसून बाहेर काढत होते.

"बाबा, पाणी चढेल ना?"

"चडू दे. आता आत काय हाय?"

फळ्या घरी न्यायच्या होत्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. पाणी प्यायलेलं लाकूड, खांदा भरून आला. बांध संपता संपता त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं.

"काय हाय त्याच्यात?"

"नवीन पत्रक. माझी चूक लिहिलीय. तुमच्याबद्दल, भाताबद्दल, सगळं खरं."

"कुनाला वाटनार?"

मी पिशवी मागे सारली, तसं माझ्याकडचं टोक घसरलं.

"नीट धर," ते म्हणाले. "पायावर पडंल."